बापटच्या बदल्यात मोरी-सान

टोकियोशेजारच्या आमच्या ग्योतोकुत रिकाम्या बाटल्या न्यायला गाडी ठरलेल्या वारीच येते. तो वार चुकला की बाटल्या बाल्कनीत साठतात, आणि मग कपडे वाळत घालायलाही जागा राहत नाही. आमच्या हॉकी टीमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. वेळच्या वेळी कुणाला सांगितले नाहीत, आता पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा बसा, चहा घ्या, आज सगळे बाहेर काढतो.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. टोकियोतल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलो की आमटी वाढायच्या आधी मला एकच प्रश्न येतो : "काय रे निखिल, तो गोलकीपरचा ट्रेड वर्थ होता का?" माझं उत्तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. होता! शंभर टक्के होता! मी ग्योतोकु टीमचा कॅप्टन आहे, आणि कॅप्टनने निर्णय घेतला की घेतला.

आता मूळ मुद्दा. आम्ही सगळे पुण्यामुंबईहून आलेले आयटीवाले. आठवडाभर क्लायंटपुढे वाकायचं आणि रविवारी नदीकाठच्या मैदानावर हॉकी खेळायची. ग्योतोकुची एक टीम, ओजिमाची एक, कावासाकीची एक. वर्षाच्या शेवटी फायनल आणि एक कप, जो जिंकणाऱ्याच्या घरी फ्रिजवर ठेवायचा असतो.

* * *

आमचा जुना कीपर विनय बापट. माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. माझ्यानंतर महिन्याभरात जपानला आला, तेव्हापासूनचा दोस्त. कीपर म्हणून उत्तम, पण एक खोड : तोंड बंद राहत नाही. गोलमध्ये उभा राहून अख्ख्या टीमला सूचना. "पुढे सरक रे!" "अरे बघतोस काय!" "शिर्के, तू खेळायला आलायस का बघायला?" बॉल पलीकडच्या टोकाला असला तरी ह्याची कॉमेंट्री चालूच.

आणि हे आपल्याच लोकांपुरतं असतं तर ठीक. एकदा कावासाकीचा एक फॉरवर्ड बॉल घेऊन एकटा आत घुसला. समोर फक्त बापट. पण आदल्या दिवशी ह्या पोराचा पीआरचा, म्हणजे जपानात कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज परत आला होता, हे बापटला कुठूनतरी कळलेलं.

बापट गोलमधूनच म्हणाला, "अरे, पेन्शनच्या पावत्या जोडल्या होत्यास का?"

पोरगा थबकला. "त्या पण लागतात?"

"लागतात म्हणजे? त्याच तर बघतात! वॉर्ड ऑफिसात जा, डावीकडची खिडकी."

"थँक यू हं बापट!" पोरगा म्हणाला, आणि बॉल शांतपणे गोलमध्ये ढकलून निघून गेला.

आम्ही सगळे बापटवर तुटून पडलो. तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "गोल गेला ना? जाऊ दे. त्याचं काम झालं!"

* * *

ट्रेडची आयडिया आमच्या शिर्केची. शिर्के टोरांटोच्या प्रोजेक्टवरून इकडे आला. तिथे आइस हॉकी बघून बघून डोकं पुरतं थंडावलेलं. तो म्हणाला, "तिकडे कीपर चालत नसला की रडत बसत नाहीत. सरळ ट्रेड करतात. आपला द्यायचा, त्यांचा घ्यायचा."

ओजिमाकडे मोरी-सान होते. साठी ओलांडलेले, कॉलेजात हॉकी खेळलेले, सरकारी वसाहतीत आपल्या लोकांच्या शेजारी राहणारे. गोलमध्ये भिंत! तोंडातून अक्षर नाही. आणि त्यांच्याकडे एक छोटी पांढरी व्हॅन. ही व्हॅन म्हणजे काय चीज आहे ते ज्याने कीपरचं किट तोझाई लाइनच्या लोकलने नेलंय त्यालाच विचारा. बापट ते पोतं खांद्यावर घेऊन डब्यात शिरला की जपानी लोक इतके सभ्य, तरी एकमेकांकडे बघायचे.

ओजिमाचा कॅप्टन जाधव. त्याला आम्ही एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गाठलं. शिर्केने पेपर नॅपकिनवर बाण काढून समजावून सांगितलं. जाधवने फुकटातली तिसरी कॉफी आणली आणि म्हणाला, "मोरी-सान देतो. पण नुसता बापट नको. गणपतीत मेधावहिनींचे मोदकपण ओजिमाला!"

मेधावहिनी म्हणजे बापटची बायको. मी ताबडतोब हो म्हटलं. असं बघू नका. नेत्याला कठोर व्हावं लागतं.

आता ह्यात एक बारीकशी गोष्ट राहिली. बापट त्या आठवड्यात क्लायंटकडे ओसाकाला होता. तो आला की नीट सांगू, असं माझं ठरलेलं होतं. पण शिर्के पडला उत्साही. त्याने बापटला आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, जाधवने तिकडे घेतलं, काम खलास.

आणि जाधवच्या ग्रुपमध्ये बापटला पहिली गोष्ट काय दिसली? मोरी-सानच्या निरोप समारंभाचे फोटो! ओजिमावाल्यांनी त्यांना रीतसर जेवण दिलं होतं. भाषणं झाली होती. हातात हा एवढा फुलांचा गुच्छ!

बापटचा मला फोन आला. "निख्या, त्यांना फुलं आणि मला 'रिमूव्हड'?"

"अरे, टीमच्या भल्यासाठी..."

"बरं," बापट म्हणाला आणि फोन ठेवला.

माझ्या माहितीत बापट इतकं कमी कधीच बोलला नव्हता.

* * *

मोरी-सान आमच्याकडे आले ते सगळ्यांसाठी एकेक छोटा टॉवेल घेऊन. वाकून जपानीत म्हणाले, सांभाळून घ्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "बापट-सानबरोबर हिकित्सुगी कधी करू?"

हिकित्सुगी म्हणजे कामाचा चार्ज. जपानमध्ये साधा टेबल बदललेला माणूससुद्धा आधीच्या माणसाकडून सगळं काम समजून घेतल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही. मी हसलो. म्हटलं, कीपरचं काय समजून घ्यायचंय? बॉल अडवायचा! पण मोरी-सान ऐकेनात. त्यांनी बापटला गाठलं आणि विचारलं, ग्योतोकुच्या कीपरला काय काय करावं लागतं?

बापट तर आधीच पेटलेला! त्याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

पहिल्या मॅचला मोरी-सान आले ते मोठा थर्मास घेऊन. आत आल्याचा चहा. कारण ग्योतोकुचा कीपर सगळ्यांसाठी चहा आणतो. मॅच सुरू झाली आणि गोलमधून खणखणीत आवाज आला, "पुढे सरक रे!"

शिर्के सवयीने पुढे सरकला आणि मग जागच्या जागी वळला. मोरी-सान पुन्हा : "अरे बघतोस काय!" सूर बापटचा, चेहरा बुद्धासारखा. दर थोड्या वेळाने हीच दोन वाक्यं, आलटून पालटून. हाफ टाइमला आम्ही चहा पीत बसलो होतो आणि मोरी-सान रिकाम्या गोलमध्ये एकटे उभे राहून ओरडत होते, "पुढे सरक रे!"

मी जाऊन म्हटलं, "मोरी-सान, आत्ता ब्रेक आहे."

ते म्हणाले, "बापट-सान म्हणाले होते, ब्रेकमध्येही थांबायचं नाही."

* * *

इथे मॅच झाली की सगळे रिंगण करून बसतात आणि आज आपलं काय चुकलं ते एकेक जण सांगतो. मैदानावरच्या जपानी टीम्सचं बघून आम्हीही ते सुरू केलं. फक्त आमच्याकडे प्रत्येक जण दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगतो, त्यामुळे जरा वेळ लागतो.

मोरी-सानची पाळी आली. ते उठले, टोपी काढली, माझ्यासमोर कमरेत वाकले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "कॅप्टन, तुझं चुकलं."

आणि मग जो हशा उसळला! शिर्के गवतावर आडवा.

मी थंडपणे विचारलं, "काय चुकलं माझं?"

मोरी-सान गडबडले. "ते बापट-सानने सांगितलं नाही. मॅच संपली की एवढं म्हणायचं, बस."

तेव्हापासून दर रविवारी, जिंकलो तरी, हरलो तरी. "कॅप्टन, तुझं चुकलं." टाळ्या!

* * *

बापट असताना मॅचनंतर संध्याकाळी तो माझ्याकडे चहाला यायचा. बोलावणं वगैरे काही नाही. वरून खाली उतरायचा, बेल वाजवायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा. कपबशीत चहा गार होतो म्हणून त्याचा एक स्टीलचा पेला आमच्याकडे कायमचा. "साखर जास्त झाली," हे ठरलेलं वाक्य. मग मॅचचं पोस्टमॉर्टेम, ते जेवायची वेळ होईपर्यंत. ट्रेडनंतर त्याने येणं बंद केलं. लिफ्टमध्ये भेटला तर म्हणायचा, "काय, बरं आहे ना?" जसं काही मी बिल्डिंगमध्ये नवीन आलोय.

पहिल्याच रविवारी संध्याकाळी बेल वाजली. मी धावत गेलो. दारात मोरी-सान! चपला उलट्या फिरवून नीट लावल्या, आत आले, बापटच्या खुर्चीवर बसले. माझी बायको मानसी माझ्याकडे बघायला लागली.

मी विचारलं, "हेही हिकित्सुगीत?"

"हो," मोरी-सान म्हणाले. मी कप पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि ओठाला लावायच्या आधीच म्हणाले, "साखर जास्त झाली."

मानसी म्हणाली, "अहो, चव तरी घ्या!"

आमची लेक इरा मात्र खूश. ती मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी, तिला हक्काचे आजोबा मिळाले. मोरी-सान तिची कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, तपासायचे, जेवायच्या वेळी उठायचे, वाकायचे आणि जायचे. दर रविवारी! माणूस देवासारखा, पण पोस्टमॉर्टेम कुणाशी करणार?

आणि सवय वाईट असते. चहा गाळताना माझा हात आपोआप त्या स्टीलच्या पेल्याकडे जायचा. भरायचो, टेबलावर ठेवायचो, मग लक्षात यायचं. तो तसाच गार व्हायचा. मानसी सिंकमध्ये ओतायची. मोरी-सान बघत असायचे.

* * *

आता ट्रेडचा हिशेब बघा. मोरी-सान आल्यापासून आम्ही जिंकत सुटलो. आमच्यावर गोल चढवणं म्हणजे चेष्टा नव्हती. शिर्के कॉलर ताठ करून फिरायला लागला. मी म्हटलं, बघा! निर्णय बरोबर!

पण तिकडे ओजिमाही जिंकत होती. कशी? बापटची बडबड! आमच्याकडे जो दोष होता तो तिथे हत्यार झाला. समोरून फॉरवर्ड आला की बापट विचारायचा, "मुलाला कोणत्या शाळेत घातलंस?" "बायकोला काम करायचं परमिट मिळालं का?" पोरं उत्तर द्यायला थांबायची आणि ओजिमाचे डिफेंडर बॉल घेऊन पसार! शिकला होता गडी.

एकदा आमचाच शिर्के बॉल घेऊन त्याच्यासमोर पोचला. शिर्के आधीच ठरवून गेला होता, काही झालं तरी बोलायचं नाही. बापट म्हणाला, "शिर्के, तुझा सासरा येतोय म्हणे. व्हिसाचं गॅरंटी लेटर दिलंस?"

शिर्के दात आवळून गप्प. पण बॉल विसरला! तिथूनच खिशात फोन चाचपडायला लागला.

झालं, गटबाजी सुरू. अर्धे म्हणाले ट्रेड फायद्याचा, अर्धे म्हणाले घोडचूक. ओजिमात गणपती झाला तेव्हा आरत्या सांगायला बापट तिकडे, मोदक तिकडे, आणि आमच्या गणपतीपुढे मोरी-सान हात जोडून "पुढे सरक रे!" म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, प्रसादाची रांग अडली होती.

फायनलच्या थोडं आधी मानसी बाहेरून आली ती तडक माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "मेधा भेटली होती. विनयचं पोस्टिंग संपलं. फायनल झाली की लगेच सामान हलवणार. पुण्याला परत."

"मला नाही बोलला," मी म्हटलं.

"तू त्याला बोलला होतास?"

ह्यावर मी टीव्हीचा आवाज वाढवला. पण खरं सांगू? वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी कान तिकडे. बापट असाच लिफ्टमधून "बरं आहे ना?" म्हणत पुण्याला निघून गेला असता, तर तो कप मी फ्रिजवर ठेवून करणार काय होतो?

* * *

फायनल. ग्योतोकु विरुद्ध ओजिमा. अजून कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. दोन्ही गोलमधून एकच आवाज! तिकडून बापट, इकडून मोरी-सान. "पुढे सरक रे!" "पुढे सरक रे!" अंपायर जपानी होता. त्याने मला हळूच विचारलं, हे तुमच्या खेळातलं काही शास्त्र आहे का?

बरोबरी. इथे रोज ठरल्या वेळी वस्तीच्या लाउडस्पीकरवर संध्याकाळचं गाणं वाजतं, ते वाजायच्या आत मैदान रिकामं करावं लागतं, त्यामुळे जास्तीचा वेळ नाही, थेट पेनल्टी स्ट्रोक. ओजिमा एकाने पुढे. शेवटचा स्ट्रोक माझा. घातला तर बरोबरी, हुकला तर कप ओजिमाला.

मी बॉल ठेवला. समोर बापट. कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांकडे नीट बघत होतो. हेल्मेटच्या जाळीआडून तो ओरडला, "निख्या! उजवीकडे मारू नकोस, नेहमी तेच करतोस!"

इतकी वर्षं हा माणूस माझ्या मागून मला हेच सांगत आला होता. आणि इतकी वर्षं मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं देव जाणे. मी ऐकलं. डावीकडे मारला.

बापट आधीच त्या बाजूला झेपावला होता! बॉल पॅडवर आदळला, ओजिमावाले नाचायला लागले, आणि बापट बॉल हातात घेऊन म्हणाला, "पहिल्यांदा ऐकलंस रे माझं! तेही आज?"

दोन्ही टीम एकत्र बसल्या. जाधवच्या मांडीवर कप. सगळ्यांनी सगळ्यांच्या चुका काढल्या. मग मोरी-सान उठले, टोपी काढली, माझ्यासमोर वाकले. "कॅप्टन, तुझं चुकलं."

नेहमीसारखा हशा. पण ह्या वेळी बापटने विचारलं. त्यानेच शिकवलेलं वाक्य, मजा म्हणून विचारलं असेल : "काय चुकलं हो त्याचं, मोरी-सान?"

मोरी-सान बसले नाहीत. बापटकडे वळले आणि जपानीत बोलले, एकेक शब्द सावकाश. "कॅप्टनच्या घरी स्टीलचा एक पेला आहे. दर रविवारी कॅप्टन तो भरतात. मी बाकी सगळं केलं. तो पेला मी पिऊ शकत नाही. ते काम तुम्ही मला दिलेलं नाही." आणि बापटसमोरही ते तेवढेच खाली वाकले.

कुणी हसलं नाही. बापट पॅडचे पट्टे सोडत बसला. एकच पट्टा, बराच वेळ. मी हॉकी स्टिकवरची माती काढत होतो. तेवढ्यात गाणं वाजलं आणि सगळे उठले.

घरी आलो. वाटेत स्टेशनजवळच्या दुकानातून एक गुच्छ घेतला होता, तो मानसीने पाण्यात ठेवला आणि कुणासाठी ते विचारलं नाही. मी चहा टाकला.

बेल वाजली. इरा पळाली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, दोघं आलेत!"

मोरी-सान कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. बापट त्याच्या खुर्चीवर बसला. समोरच्या फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी स्टीलचा पेला भरून पुढे ठेवला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि ओठाला लावायच्या आधीच म्हणाला,

"साखर जास्त झाली!"